आवाजाची ओपीडी : खोका गप्प बसला पाहिजे

गणपती झाले, दिवाळीचा बोनस अजून यायचाय. या मधल्या दिवसांत माझ्या दुकानात दोन तऱ्हेची माणसं येतात. एकांच्या हातात जळालेला सबवूफर असतो, दुसऱ्यांच्या हातात नव्या सबवूफरची जाहिरात. या महिन्याची तुमची पत्रंही तशीच आहेत, म्हणून ही सगळी जागा सबवूफरलाच देते, म्हणजे फक्त खालचे जाड सूर, बेस, वाजवणाऱ्या स्पीकरला.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं आणि सतारींचं गाव. वडील रेडिओ दुरुस्त करायचे, मी स्पीकरला कॉइल टाकते. दोन गल्ल्या ओलांडल्या की तंबोऱ्याचे भोपळे उन्हात वाळत ठेवलेले दिसतात. वडील ते दाखवून म्हणायचे, "भोपळा बोलला पाहिजे, खोका गप्प बसला पाहिजे." तंबोऱ्यात तारेबरोबर भोपळाही गातो, म्हणून तर त्याला एवढा मान. सबवूफरच्या लाकडी खोक्याने मात्र स्वतः एक अक्षर बोलायचं नसतं. कोन (स्पीकरचा पुढचा पडदा) हलेल, हवा हलेल, खोका नाही. तो बोलायला लागला, किंवा गाण्यात नसलेला कुठलाही आवाज आतून आला, की तिथंच बटण बंद करायचं. पुढच्या पत्रांत हे पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नका.

"ताई, मी इचलकरंजीचा, डिप्लोमाला आहे. सेकंडहँड 12 इंची सबवूफर घेतला, खोका मित्राने बनवला. ॲम्प्लिफायर घरातला जुनाच, छोटा. बहिणीच्या हळदीला तीन तास लावला. शेवटी शेवटी आवाज कमी होत गेला म्हणून मी वाढवत गेलो. मग जळका वास आला. आता वाजतो, पण खर्रखर्र करतो. ॲम्प छोटा असताना स्पीकर जळला कसा? दुरुस्त होईल का?"

अरे, उत्तर तूच लिहिलंयस. आवाज कमी होत गेला, मी वाढवत गेलो.

कोनच्या मागे एक नळी असते आणि तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते. तीच कॉइल. ती मॅग्नेटच्या गोल फटीत वरखाली होते आणि तिच्या दोन्ही अंगांना जेमतेम पोस्टकार्डाच्या जाडीएवढी जागा असते. ॲम्प्लिफायरने 100 वॉट पाठवले तर त्यातले एक-दोन वॉट आवाज होतात. बाकीची नुसती शेगडी. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला साधारण 0.4 टक्के. कॉइल दीडशे अंशांनी तापली तर 4 ओहमची ती सव्वासहा-साडेसहा ओहमची झाल्यासारखी वागते. करंट कमी जातो, आवाज दबतो. तुला वाटलं गाणं थकलं, खरं तर कॉइल ओरडून सांगत होती की पुरे. तू बटण फिरवलंस आणि शेगडीत आणखी कोळसा घातलास.

आता छोट्या ॲम्पचं. छोटा ॲम्प आपल्या मापात वाजवला तर स्पीकरला काहीही होत नाही. पण त्याच्याकडे नाही तेवढं मागितलं की तो लाटेचे शेंडे छाटून पाठवतो. गोल लाट चौकोनी होत जाते, आणि पुरती चौकोनी झालेली लाट त्याच ॲम्पमधून जवळजवळ दुप्पट वॉट ओतते. कॉइलला मधे श्वास घ्यायला जागा राहत नाही. त्यात बेस बूस्टचं बटण दाबलं असशीलच (हळद म्हटल्यावर दाबतातच). बूस्ट 6 डेसिबल असेल तर त्या सुरांना चौपट वॉट लागतात, 10 असेल तर दहापट.

आता तपासायचं कसं ते सांगते. वायर काढ. स्पीकर निवू दे. दोन्ही हातांची बोटं डस्ट कॅपच्या, म्हणजे कोनच्या मधल्या गोल टोपीच्या, भोवती सारखी पसर आणि कोन हलकेच आत दाबून सोड. आतून खर्र आलं, तर कॉइल फटीत घासतेय. मग मल्टिमीटर लाव. 4 ओहमची धडधाकट कॉइल 3 ते पावणेचारच्या दरम्यान दाखवते. काटा हललाच नाही तर तार तुटली. शून्याजवळ गेला तर शॉर्ट, आणि तसा स्पीकर पुन्हा ॲम्पला लावू नकोस, नाहीतर जाताना तो ॲम्पलाही घेऊन जाईल. तुझा वाजतोय आणि घासतोय, म्हणजे तारेचे एक-दोन वेढे सुटून फुगलेत. वाजतोय म्हणून वाजवू नकोस.

दुरुस्त होईल. परवाच असाच एक माझ्या टेबलावर होता. डस्ट कॅप ब्लेडने कापली आणि तो वास आला. जळलेल्या वार्निशचा, थोडा कडवट. एकदा घेतला की माणूस विसरत नाही. कॉइल खालच्या अंगाला काळीभोर, तार विस्कटलेल्या वेणीसारखी सुटलेली. फटीत काजळी आणि लोखंडाचा कीस. तो फुंकून निघत नाही, मॅग्नेट सोडतच नाही त्याला. पुठ्ठ्याच्या पट्टीवर चिकटपट्टी उलटी गुंडाळून ती फटीत चारी बाजूंनी फिरवायची, पट्टी पांढरी बाहेर येईपर्यंत. मग नवी कॉइल बसवायची आणि ती मधोमध राहावी म्हणून नळीच्या आत एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोचायच्या. मिरजेत एक्स-रे फिल्मला कधी तोटा नव्हता. आता सगळं डिजिटल झालं, तरी वडिलांनी जमवलेलं एक बंडल अजून पुरतंय. कुणाच्या तरी मोडलेल्या मनगटाने आजवर कितीतरी सबवूफर सरळ केलेत. गोंद लावायचा, रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी पट्ट्या ओढून काढायच्या आणि दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवायचा. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला लागलं की कोन बाहेर यायला हवा. आत गेला तर वायर उलटी.

मित्राच्या खोक्याबद्दल दोनच गोष्टी. स्पीकरच्या कंपनीने खोक्याचं माप दिलेलं असतं, ते पाळलंय का बघ. आणि गाणं लावून सांध्यांजवळून उदबत्ती फिरव, कोनपासून लांब. धूर जिथं फडफडेल तिथं हवा गळतेय.

आणि पुढच्या वेळी ॲम्प घेताना पेटीवरचा पीएमपीओचा हजारांतला आकडा वाचूच नकोस, त्याला काही अर्थ नाही. आरएमएस, म्हणजे ॲम्प सतत देऊ शकतो ते वॉट, बघ.

"डोंबिवलीत वन बीएचके आहे. हॉल 14 बाय 10. टीव्हीखाली सबवूफर ठेवलाय. सोफा हॉलच्या मधोमध, तिथं बसलं की बेस जाणवतच नाही. पण आई मागच्या भिंतीशी उभी असते, ती म्हणते भांडी वाजतात. खालच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या. खाली रबर घातलं तर भागेल का? की मोठा सबवूफर घेऊ?"

मोठा घेऊ नका! काकू तिसऱ्यांदा येतील त्या सेक्रेटरीला घेऊनच.

तुमचा सबवूफर बरोबर आहे, तुमच्या आईही बरोबर आहेत. चुकलाय तो सोफा. खालच्या सुरांची लाट खोलीएवढी लांब असते. 40 हर्ट्झची लाट साडेआठ मीटरची. तुमचा हॉल 14 फूट, म्हणजे सव्वाचार मीटरच्या आसपास, बरोबर अर्धी लाट. अशा वेळी समोरासमोरच्या भिंतींमध्ये ती लाट ठाण मांडून बसते. भिंतींशी ती सगळ्यात जोरात आणि मधोमध जवळजवळ शून्य. तुम्ही नेमके त्या शून्यात बसलाय आणि आई नेमक्या शेंड्यावर उभ्या आहेत. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही वाढवता, आणि वाढलेलं सगळं आईंना आणि काकूंना पोचतं.

सोफा दोन-अडीच फूट मागे सरकवा, पण पार भिंतीला चिकटवू नका. एवढ्यानेच सबवूफरचं बटण खाली आणता येईल. मग सबवूफरची जागा शोधा. याची जुनी युक्ती आहे, जरा हसू येईल अशी. सबवूफर उचलून सोफ्यावर ठेवा, जिथं तुम्ही बसता तिथंच. एखादं सलग बेस असलेलं गाणं लावा आणि तुम्ही स्वतः भिंतीच्या कडेकडेने रांगा, कान जमिनीपासून फूटभर वर ठेवून. कुठे आवाज नुसता गुबगुबेल, कुठे गायब होईल. जिथं एकेक सूर सुटा, नेटका ऐकू येईल तिथं सबवूफर ठेवायचा. माझ्या एका गिऱ्हाइकाने हे केलं तेव्हा त्यांच्या बायकोने आधी डॉक्टरांना फोन लावायची तयारी केली होती, पण जागा मात्र पक्की सापडली. कोपऱ्यात आवाज फुकटचा वाढतो, म्हणून लोक कोपरा धरतात. फ्लॅटमध्ये कोपरा शेवटचा पर्याय.

मागचं फेज बटण 0 आणि 180 असं बदलून बघा. आपण सोफ्यावर बसायचं, दुसऱ्याने बटण बदलायचं. ज्या बाजूला बेस भरीव वाटेल तिथं सोडून द्यायचं.

रबराचं खरं सांगते. जाड रबर किंवा फोम घातल्याने खोक्याची थरथर थेट लादीत उतरायची थांबते, खडखड कमी होते. पण बेस काही फक्त पायांतून जात नाही, हवेतून भिंत हलवून जातो, आणि तिथं रबराचं काही चालत नाही. काकूंसाठी उपाय म्हणजे आवाज कमी करणं. टीव्हीच्या किंवा साउंडबारच्या सेटिंगमध्ये नाइट मोड असतो, तो रात्री लावा. धडाम् आणि कुजबुज यांतलं अंतर तो कमी करतो. आणि एकदा काकूंच्या घरात बसून तुमचा सबवूफर ऐका. चहा मिळेल, आणि बटण कुठे ठेवायचं हेही तिथंच ठरेल.

"नाशिकहून लिहितोय. सेट-टॉप बॉक्स जोडल्यापासून सबवूफर गाणं नसतानाही घुंऽऽ करतो. इलेक्ट्रिशियनने प्लगची अर्थची पिन काढून दिली, आवाज एकदम गेला. आता सगळं ठीक समजायचं ना?"

नाही. आज संध्याकाळी ती पिन परत लावून घ्या, तोवर सबवूफर बंद.

तो घुंऽऽ म्हणजे आपल्या विजेचा 50 हर्ट्झचा सूर. आमच्या सतारवाल्यांना विचारलं तर ते सांगतील, हार्मोनियमच्या पांढरी पाचच्या आसपासचा, पण खर्जाच्याही कितीतरी खालचा. छोट्या टीव्हीत तो ऐकू येत नाही, सबवूफर मात्र प्रामाणिकपणे वाजवून दाखवतो. केबलची वायर एका ठिकाणी जमिनीला जोडलेली, तुमचं घर दुसऱ्या ठिकाणी, आणि त्या दोन जमिनींमधला फरक तुमच्या ऑडिओ वायरीतून फिरत राहतो. अर्थ काढली की वर्तुळ तुटतं, आवाज जातो. पण उद्या आतली एखादी वायर सुटून मागच्या लोखंडी पत्र्याला टेकली, तर तो पत्रा 230 व्होल्टचा होईल आणि त्याला हात लावणारा माणूस हीच अर्थची वायर.

खात्री करून घ्यायची तर सेट-टॉप बॉक्समागची केबलची गोल वायर काढा. घुंऽऽ थांबला तर गुन्हेगार तीच. मग टीव्ही, बॉक्स, सबवूफर सगळे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, ऑडिओ वायर आखूड आणि चांगली वापरा, ती विजेच्या वायरींसोबत गुंडाळू नका. तरी राहिला तर केबलच्या वायरीसाठी आयसोलेटर मिळतो, तो लावा. काही सबवूफर मुळातच दोन पिनांचे, दुहेरी इन्सुलेशनचे येतात. त्यांची गोष्ट वेगळी. तीन पिनांचा आला असेल तर तिसरी शोभेची नाही.

"आम्ही चिपळूणचे. घर पावसाळ्यात चार महिने बंदच असतं. सबवूफर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवला होता. उघडला तर कोनवर बुरशी, कडेचा फोम बोट लावला की भुगा. आणि लावल्या लावल्या फट् झालं."

प्लास्टिकने पाऊस बाहेर राहिला, दमट हवा मात्र आतच कोंडली गेली. पुढच्या वर्षी जुनी सुती चादर घाला. खोका जमिनीवर टेकवू नका, तीन-चार इंच उंच पाटावर ठेवा. खोक्याच्या एमडीएफने, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या पाट्याने, एकदा पाणी प्यायलं की तो पावासारखा फुगतो, परत बसत नाही.

बुरशी सुक्या, मऊ रंगाच्या ब्रशने झाडा, नाकाला फडकं बांधून, अंगणात. ओलं फडकं, डेटॉल, व्हॅक्यूम क्लीनर यातलं काहीही कागदी कोनला लावायचं नाही. फोम दमट हवेत आज ना उद्या विरतोच, त्यात तुमचा दोष नाही. नुसती फोमची रिंग बदलून मिळते, कोन आणि कॉइल तेच राहतात. पुन्हा घ्याल तेव्हा कडेला रबर असलेला घ्या, कोकणात तो टिकतो. आणि फाटक्या फोमवर तो वाजवू नका. कॉइलला मधोमध धरून ठेवण्याचं निम्मं काम तो फोमच करतो.

राहिलं ते फट्. माझा अंदाज, गुंडाळायच्या आधीच आत शिरलेली पाल. पुढच्या गोल भोकातून आत जाते, आत अंधार आणि स्टँडबायवर राहिलेल्या सर्किट बोर्डाची ऊब, तिला दुसरं काय हवं? बोर्डावरच्या सोल्डरच्या दोन टाक्यांवर पालीने अंग टाकलं की पाल आणि बोर्ड दोघांचाही निकाल एकदमच लागतो. अशा किती काढल्या ते मोजणं मी सोडून दिलंय. बंद घरात प्लग काढूनच जायचं आणि भोकाला जाळीचं कापड बांधायचं. वाजवताना ते काढायचं, नाहीतर हवा फुसफुसते. तुम्ही स्वतः मागचा पत्रा खोलू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून असते.

वळवाच्या दिवसांतही हेच. आभाळात गडगडलं की बटण नव्हे, प्लग काढायचा.

"साताऱ्याकडच्या एका मंडळाचा मी खजिनदार आहे. आमचा डॉल्बीवाला म्हणतो, पोलिसांच्या मीटरला बेस कमी दिसतो, म्हणून टॉप कमी करून बेस दुप्पट करू, आकडा वाढणार नाही. हे खरं आहे का?"

डॉल्बीवाल्याला गणित येतं, हे कबूल. मीटर माणसाच्या कानाच्या मापाने मोजतो आणि त्या मापात 50 हर्ट्झचा आवाज 30 डेसिबलने कमी धरला जातो. पण पुढचं तो सांगत नाही. बेस ताणला की तो स्वच्छ राहत नाही, फाटतो, आणि फाटलेल्या बेसमधून वरचे सूर बाहेर पडतात. ते मीटर बरोबर पकडतो. शिवाय 50 हर्ट्झची लाट सात मीटर लांब, ती गल्लीच्या कोपऱ्यावरून वळते, भिंतीतून जाते, मातीच्या जुन्या घरांच्या खापऱ्या हलवते. मीटरवर न दिसलेला आवाज माडीवरच्या आजारी माणसाच्या छातीत दिसतो.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत वस्तीच्या भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल दिलेत, रात्र म्हणजे 10 ते 6. ठरावीक दिवशी रात्री 12 पर्यंतची सवलत सरकार देऊ शकतं, वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस. कानाचा हिशोब याहून वेगळा. 85 डेसिबल आठ तास, मग दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100 डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात. तुमची मिरवणूक किती तास चालते?

खजिनदार आहात म्हणून तीन गोष्टी तुमच्या अंगावर टाकते. ट्रॉलीवर बेसच्या खोक्यांची थप्पी किती उंच होते आणि वाटेतल्या विजेच्या तारा किती खाली आहेत, हे आदल्या दिवशी रस्ता चालून बघा. जनरेटरला अर्थिंग आहे का आणि जोड पावसात उघडे आहेत का, हे डॉल्बीवाल्याला लाजू नका, विचारा. आणि खोक्यांच्या पुढ्यात, ट्रॉलीच्या कडेला लहान पोरं बसतात, त्यांना उतरवा. त्यांनी पैसे दिलेले नसतात, त्यामुळे त्यांची तक्रार कुणी ऐकत नाही.

जाता जाता: रे डॉल्बी या माणसाने 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट घालवण्यात ज्याची हयात गेली, त्याचं नाव आपण ट्रॉलीवरच्या भिंतीला दिलं.

"पुतण्या अमेरिकेहून सबवूफर घेऊन आलाय. पिन बदलणारा अडॅप्टर आहे. लावू?"

थांबा. अडॅप्टर पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. तिकडे 120 व्होल्ट, आपल्याकडे 230. मागच्या पत्र्यावर बारीक अक्षरांत काय छापलंय ते भिंगातून वाचा. 100-240 असेल तर खुशाल लावा. 115/230 असं सरकवायचं बटण असेल तर प्लग बाहेर असतानाच ते 230 वर न्या, आणि फ्यूज बदलायचा आहे का ते तिथंच लिहिलेलं असतं. नुसतं 120 असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, पत्र्यावर लिहिलेल्या वॉटच्या दीडपट तरी क्षमतेचा. मोबाइलच्या चार्जरएवढा हलका मिळाला तर घेऊ नका. हा ट्रान्सफॉर्मर उचलताना हाताला ओझं जाणवलं पाहिजे.

"सीएनजीची गाडी आहे. डिकीत सिलिंडरशेजारी सबवूफर बसवायचाय. दुकानदार म्हणतो, वायर थेट बॅटरीवरून घेऊ, फ्यूज ॲम्पवर आहेच."

ॲम्पवरचा फ्यूज ॲम्पला वाचवतो, वायरीला नाही. 500 वॉटला 12 व्होल्टवर 42 अँपिअर करंट लागतो, ॲम्पमध्ये उष्णतेत वाया जाणारा धरला तर 50 च्या वर. ती वायर वाटेत पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरी थेट तिच्यात ओतली जाईल. फ्यूज बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत हवा, पत्र्यातून वायर जाते तिथं रबराचं कडं हवं, आणि वायर खऱ्या तांब्याची हवी, वरून तांबं फासलेली ॲल्युमिनियमची नको. सिलिंडरच्या पट्ट्याला किंवा व्हॉल्व्हजवळ स्क्रू, वायर, ॲम्प काहीच नको. तुमच्या गाडीला सीटखालचा चपटा सबवूफर घ्या. डिकीत मोकळा ठेवलेला वीस किलोचा खोका ब्रेक दाबल्यावर पुढे यायला निघतो, हेही लक्षात असू द्या.

"सासऱ्यांना पेसमेकर बसवलाय. सबवूफर घरात ठेवावा का?"

ठेवा. मॅग्नेट मोठा असतो, पण पेसमेकर त्यापासून वीतभर लांब राहिला की पुरतं, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला तर काहीच नाही. फक्त तो खोका त्यांनी छातीशी धरून उचलायचा नाही, आणि सुटा स्पीकर त्यांच्या हातात द्यायचा नाही. त्यांच्या डॉक्टरांनी आणखी काही सांगितलं असेल तर ते माझ्या आधी.

"बाळ, मी कऱ्हाडची, वय 78. नातवाने टीव्हीला तो डबा लावून दिलाय. कीर्तन लावलं की बुवा पिंपात बसून बोलल्यासारखे वाटतात. नातवाला सांगितलं तर म्हणतो, आजी, हीच तर क्वालिटी."

आजी, तुमचे कान ठणठणीत आहेत. पुरुषाचा आवाज 100 हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, आणि नातवाने त्या डब्याला तिथवर चढायची मोकळीक दिलीय. डब्याच्या मागे दोन गोल बटणं असतील. एकाखाली 40 पासून 160 किंवा 200 पर्यंत आकडे लिहिलेत, ते 80 वर आणा. दुसरं आवाजाचं. मृदंगाची थाप लागेल पण डबा कुठे ठेवलाय ते डोळे मिटून सांगता येणार नाही, इतकं ते खाली आणा. वर फुलदाणी ठेवली असेल तर तेवढी उचला, पाणी आत गेलं तर तुम्हालाच बोलतील.

नातू कॉलेजला गेल्यावर फिरवा. संध्याकाळी त्याला काही कळायचं नाही.